सहाव्या ओळीतला हत्ती

१

हरलेल्या खेळाडूला बसायला मऊ जागा लागते. म्हणून त्या दुपारी ‘बर्फ’ खेळाडूंच्या विश्रांतीच्या खोलीत गेला आणि खिडकीजवळच्या कोचावर त्यानं अंग टाकलं. बावीस वर्षांचा हा ग्रँडमास्टर जिंकला काय, हरला काय, चेहऱ्यावरची रेष हलू देत नसे; नाव त्यावरूनच पडलं होतं. त्या दिवशी मात्र तो बसला आणि चटका बसल्यासारखा उठला. गादीखाली काहीतरी टणक होतं.

गादी उचलली तर खाली एक मोबाइल.

बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडूंच्या खोलीत मोबाइल सापडणं म्हणजे कापसाच्या गोदामात पेटती काडी सापडणं. हल्लीचा कुठलाही स्वस्त फोन जगज्जेत्याला बसल्या बैठकीत हरवतो. पटावरची मांडणी त्याला दाखवायची, की पुढची चाल तो सांगतो. म्हणून खेळाडूंची झडती होते, घड्याळंसुद्धा काढून घेतात.

बर्फनं फोनला बोट लावलं नाही. एका हातात गादी धरून तो तसाच उभा राहिला आणि त्यानं पंचांना हाक मारली.

मुख्य पंच धावत आले. ते नियमांचे पक्के होते, खेळाचे जरा कच्चे. हातमोजा घालून त्यांनी फोन उचलला. फोनला कुलूप नव्हतं, सिमकार्ड नव्हतं, एकही फोटो किंवा नंबर नव्हता. पडदा उजळला तशी त्यावर एक अर्धवट डावाची मांडणी दिसली आणि खाली पुढच्या चालीचा सल्ला.

“हा तर तुमचाच आजचा डाव!” पंच म्हणाले.

बर्फ जिथं उभा होता तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. त्यानं फक्त कोचाकडे पाहिलं. त्या कोचावर डावाच्या मध्यात बूट काढून, डोळे मिटून आडवं व्हायची सवय एकाच माणसाला होती. सगळे त्याला ‘मास्तरांची गादी’ म्हणत. आणि मास्तरांनीच आज त्याला हरवलं होतं.

२

स्पर्धेत कोणी लबाडी करत नाही ना हे पाहायला जी बाई नेमली होती तिला लहानथोर सगळे ‘काकू’ म्हणत. ते तिला मुळीच आवडत नसे, कारण तिनं अजून चाळिशी ओलांडली नव्हती आणि तिला काकू म्हणणाऱ्यांत साठीचे दोन पंचही होते. पदवी भौतिकशास्त्राची. आधीची नोकरी मोजमापाच्या उपकरणांमधल्या चुका शोधण्याची. बुद्धिबळ तिला येत होतं, म्हणजे भाच्याकडून हरण्याइतपत.

“उद्या सकाळी शेवटची फेरी आहे,” मुख्य पंच म्हणाले. “आज संध्याकाळी समिती बसेल. त्याच्या आत मला उत्तर हवं. आणि हे बघा, फोन माझ्या ताब्यात राहील. साक्षीदारांना दाखवायचा नाही. नाहीतर जो तो म्हणेल, हा मी अमक्याच्या हातात पाहिला होता.”

“मला तरी दाखवाल?”

“तुम्हाला हो. पण बघण्यासारखं काय आहे त्यात? डाव तोच, गादी त्यांची.”

“दोषी ठरले तर?”

पंचांनी चष्मा काढून पुसला. “तर नुसती ही स्पर्धा जात नाही, काकू. मास्तर एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाले. त्यानंतर तीस-एक वर्षं खेळतायत. दोनदा माजी जगज्जेत्याला हरवलंय. त्यांचा एक डाव तर पुस्तकांत शिकवतात. एकदा लबाडीचा शिक्का बसला की लोक ते सगळे डाव काढून बसतील. हा तरी खरा होता का? तो तरी? किताब काढून घेतील तो वेगळाच.”

काकू मास्तरांना भेटायला गेली तेव्हा ते एका रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. उंच, वाकलेला माणूस. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. ‘थांबा’ एवढंच म्हटलं होतं.

“तुमच्या गादीखाली मोबाइल सापडलाय,” ती म्हणाली.

ते हसले. “माझ्या? मला मोबाइलवर घरी फोनसुद्धा लावता येत नाही. धाकटा भाऊ लावून देतो.”

“संध्याकाळपर्यंत इथंच थांबावं लागेल.”

“थांबतो. उद्याच्या डावाची तयारी इथंही होते.” असं म्हणून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर काहीच नव्हतं. पट त्यांच्या डोक्यात होता.

३

विश्रांतीच्या खोलीत खेळाडूंशिवाय कोण जाऊ शकतं? काकूनं दारावरच्या रखवालदाराला हा पहिला प्रश्न विचारला. मास्तरांच्या बाबतीत तिघं, त्यानं सांगितलं: बायको, शिष्या सुसाट आणि धाकटा भाऊ. गरम पाण्याची बाटली, स्वेटर, औषधं ठेवायला ती आलटून पालटून आत जात. कोण कधी गेलं याकडे त्याचं लक्ष नव्हतं. “घरची माणसं ती, त्यांना काय हटकायचं?”

आणि ही तिघंही डाव चालू असताना वरच्या मजल्यावर, समालोचनाच्या खोलीत बसत. तिथल्या मोठ्या पडद्यावर सगळे डाव जसेच्या तसे, त्याच क्षणी दिसतात. बाहेरच्या जगाला तेच डाव पाव तास उशिरा दाखवतात, म्हणजे बाहेरून कोणी आत इशारे देऊ नयेत.

काकूची एक रीत होती. ती कधी कोणाला ‘तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ असं आधी विचारत नसे. वेळा आणि जागा लोक घरून पाठ करून येतात. त्याऐवजी ती म्हणे, आज भीती कधी वाटली? भीती पाठ करायचं कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिला आला धाकटा. पन्नाशीकडे झुकलेला, नीटनेटका, दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या. एक स्वतःची नव्हती हे उघड होतं, कारण तिच्यातून मास्तरांचा मफलर डोकावत होता.

“दादाला भेटता येईल?”

“संध्याकाळी. तुम्ही किती वर्षं त्यांच्याबरोबर फिरताय?”

“मी सतरा वर्षांचा होतो. आई म्हणाली, दादाबरोबर जा, त्याला तिकीटसुद्धा काढता येत नाही. एकाच स्पर्धेसाठी गेलो होतो.” तो हसला. “अजून परत यायचोय.”

“तुम्ही खेळता?”

“मोहरे कसे चालतात ते येतं. त्यापुढं आमची गाडी गेली नाही. घरात एक वेडा पुरे.”

“आज मास्तरांच्या डावात तुम्हाला भीती कधी वाटली?”

“भीती? नाही बुवा. आज दादाचा डाव पाण्यासारखा वाहत होता. मी तर खुर्ची सोडली नाही शेवटपर्यंत. वर कोणालाही विचारा.”

दुसरी आली बायको. खेळाडूंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. हातात विणकाम होतं. बोलतानाही सुया थांबल्या नाहीत.

“मी पडद्याकडे पाठ करून बसते,” ती म्हणाली. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आवाजावरून ओळखते, बरं चाललंय की वाईट. आज त्या समालोचक पोपटभाऊजींनी ओरडून जीवच घेतला माझा. टाके निसटले, हे बघा. मग थोड्या वेळानं म्हणाले, काही नाही, काही नाही. असं का करतात हो?”

“त्यावेळी खोलीत कोण होतं?”

“मागं वळून कुठं बघतेय मी? सुसाट होती, ती माझ्या अंगावरूनच धावत गेली. बाकी तुम्हीच विचारा.”

“सकाळी घरचं वातावरण कसं होतं?”

सुया पहिल्यांदा थांबल्या. “बरं होतं. म्हणजे, ही शेवटची स्पर्धा, असं ठरलं होतं आमचं. आज नाश्त्याला हे म्हणाले, अजून दोन वर्षं खेळणार, राष्ट्रीय संघासाठी बोलणी झालीत. मी हसले. तीस वर्षांत चार वेळा शेवटची स्पर्धा झालीय. धाकटे भावजी मात्र पावाला लोणी लावत होते, तो पाव तसाच बशीत ठेवून उठले.”

४

पोपट हा स्पर्धेचा समालोचक. एके काळी तोही चांगला खेळायचा. मास्तर आणि तो एकाच गुरूंकडे शिकले. ग्रँडमास्टरकीसाठी लागणारा शेवटचा अर्धा गुण त्याला मास्तरांनी दिला नाही, आणि मग त्यानं खेळणं सोडून बोलणं धरलं.

“म्हणजे तुमचा संशय माझ्यावर,” तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. “बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर माझ्यावरच घेतला असता. पण काकू, त्या अर्ध्या गुणानं माझं भलं केलं. खेळून मी उपाशी मेलो असतो. तोंडानं मला पोसलं.”

“आज तुम्हाला भीती कधी वाटली?”

“अहो, वाटली म्हणजे काय, किंचाळलो मी! मी दुसऱ्या एका डावाबद्दल बोलत होतो. मग मास्तरांच्या डावाकडे वळलो, बघतो तर पडद्यावर त्यांचा हत्ती सहाव्या ओळीत. तिरक्या घरात काळं प्यादं, मारायला टपलेलं. फुकटात हत्ती! मी ओरडलो, मास्तर झोपले की काय!”

“आणि?”

“आणि सुसाट उठून म्हणाली, शक्यच नाही, पडदा चुकतोय. तारवाल्याला आणायला धावली. तिचं बरोबर निघालं. हत्ती सातव्या ओळीत होता. झकास चाल होती ती.”

तारवाला म्हणजे पटांच्या तारा आणि पडदे सांभाळणारा तंत्रज्ञ. त्यानं उलगडून सांगितलं. या पटांना प्रत्येक घराखाली संवेदक असतात; मोहरा जिथं टेकला तिथं यंत्र त्याची नोंद घेतं. पण मास्तर हत्ती उचलत नाहीत. एका बोटानं सरकवत नेतात, मध्येच थबकतात, आणि मग पुढं ढकलतात. आज ते सहाव्या ओळीत थबकले. यंत्राला वाटलं, चाल संपली.

“मी दुसऱ्या टेबलाची सुटलेली तार जोडत होतो, त्यामुळं थोडा वेळ तसंच राहिलं,” तो म्हणाला. “सुसाटताई आल्या तेव्हा प्रत्यक्ष पट बघून दुरुस्त केलं. बर्फ तोवर विचारच करत बसला होता, त्यामुळं पुढची चाल झाली नव्हती.”

“बाहेरच्या लोकांनी हा चुकीचा हत्ती पाहिला?”

“कोणीच नाही. पाव तासाच्या आत दुरुस्त झाला ना. बाहेर गेला तो बरोबरच गेला.”

शेवटी सुसाट, मास्तरांची शिष्या. ती इतकी भरभर बोलायची की नाव सार्थ होतं.

“सर हत्ती असा टाकतीलच कसे? मला क्षणभर धस्स झालं, पण क्षणभरच. मी धावले, तारवाला आणला, परत आले, आणि मग डाव संपेपर्यंत हलले नाही. फोन कोणाचाही असू दे, सरांचा नाही. आणि समजा असला तरी सरांना तो चालू करता येणार नाही!”

काकू मुख्य पंचांच्या खोलीत गेली. “फोन बघू द्या.”

पंचांनी पिशवीतून काढून पडदा उजळवला. त्यांच्या मागं उभं राहून तिनं घरं मोजली. खालून एक, दोन, तीन. मग पुन्हा मोजली.

पांढरा हत्ती सहाव्या ओळीत होता. खाली फोनचा सल्ला होता: प्याद्यानं हत्ती मारा, काळा जिंकतोय.

५

उपकरणांमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला चुकीचा आकडा मिळाला की आनंद होतो. बरोबर आकडा कोणाकडूनही येऊ शकतो. चुकीच्या आकड्याला मात्र माहेर असतं.

मास्तरांनी गादीखालचा फोन वापरला असता, तर स्वतः खेळलेली चाल त्यांनी चुकीची कशी मांडली असती? आणि समजा हात चुकला, तर ‘तुमचा हत्ती गेला’ असं फोननं सांगितल्यावर ते हसून दुरुस्त करणार नाहीत का? शिवाय चुकायचंच, तर नेमकं यंत्र जिथं चुकलं त्याच घरात?

बर्फलाही तिनं याच न्यायानं सोडलं. तो पटासमोर होता. खरा हत्ती त्याच्या नाकासमोर होता.

म्हणजे फोनमधली मांडणी पटावरून आली नव्हती. ती पडद्यावरून आली होती, आणि तोही वरच्या खोलीतला पडदा.

हे सगळं तिनं मनात नीट लावलं, आणि समितीच्या खोलीचं दार उघडलं. तिथं वेगळंच घडून बसलं होतं.

टेबलावर पारदर्शक पिशवीत तो फोन ठेवला होता, पडदा खाली, पाठ वर. पाठीचा एक कोपरा फुटलेला होता. मास्तर त्या कोपऱ्याकडे बघत उभे होते. दुपारचं हसू गेलं होतं.

“बरं झालं आलात,” मुख्य पंच म्हणाले. “तपास संपला. मास्तरांनी कबूल केलंय.”

“काय कबूल केलंय?”

“फोन माझा आहे,” मास्तर म्हणाले. “मीच ठेवला. उद्या खेळत नाही. किताब काढून घ्यायचा तर घ्या. बाकी कोणाला काही विचारू नका.”

६

समितीतले तिघं एकमेकांकडे बघू लागले. एकानं तर कागद गोळा करायला सुरुवात केली.

“एक पट मिळेल?” काकू म्हणाली.

पट आला. फोनवर बघत तिनं एकेक मोहरा मांडला. हात सराईत नव्हता. घोडा कुठल्या तोंडानं बसवायचा इथवर अडखळत होती. मास्तर दुसरीकडे पाहत होते. मग नाइलाजानं, दुसऱ्यानं वाजवलेलं बेसूर गाणं ऐकू यावं तसे, ते हळूहळू पटाकडे वळले.

“ही फोनमधली मांडणी,” ती म्हणाली. “तुम्हीच केलेली. बरोबर ना?”

“हो,” ते म्हणाले, आणि त्यांचं बोट आपसूक पुढं आलं. पांढऱ्या हत्तीवर टेकलं, आणि हत्ती एक घर पुढं सरकला. सातव्या ओळीत.

मास्तरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं.

“तुम्हाला खोटं बोलता येईल,” काकू म्हणाली, “पण तुमच्या हाताला येत नाही. फोनमध्ये हत्ती सहाव्या ओळीत आहे. तुम्हाला तो तिथं बघवतसुद्धा नाही.”

तिनं समितीला पडद्याची, तारवाल्याची आणि पाव तासाची गोष्ट सांगितली. मुख्य पंचांनी फोन हातात घेतला, पट पाहिला, पुन्हा फोन पाहिला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“म्हणजे वरच्या खोलीतलं कोणीतरी,” ते म्हणाले. “पोपट, सुसाट, वहिनी, धाकटा, तारवाला.”

“तारवाल्यानंच चूक दुरुस्त केली. पोपट चूक बघून ओरडला, सुसाटनं ती ओळखली. यांतला कोणी फोन ठेवता, तर आधी मांडणी सुधारून घेता. वहिनींना खेळ कळत नाही, पण पोपटचा आरडाओरडा त्यांनी ऐकला, टाके निसटले, आणि काही नाही, काही नाही, हेही ऐकलं. काहीतरी बिघडलं होतं आणि निस्तरलं, एवढं त्यांना ठाऊक होतं. ज्यानं फोन ठेवला त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पडदा चुकल्यावर आणि पोपट ओरडायच्या आत तो खोलीतून बाहेर पडला होता. आणि फुकटात जाणारा हत्ती डोळ्यांसमोर असून त्याला खटकला नाही, इतका तो खेळात कच्चा.”

“पण बाहेर पडलं कोण हे कोणालाच—”

“मी प्रत्येकाला विचारलं, आज भीती कधी वाटली. तिघांनी हत्तीची नाहीतर त्या ओरडण्याची गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, भीती कसली, डाव पाण्यासारखा वाहत होता. वर असंही म्हणाला, की खुर्ची सोडली नाही. खुर्चीत असता, तर घाबरला असता.”

मास्तर खुर्चीवर बसले. “कोपरा माझ्याच हातून फुटला होता,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी. मग मी त्याला नवा घेऊन दिला. जुना त्यानं टाकला असेल असं वाटलं मला.”

७

धाकट्याला बोलावलं तेव्हा त्यानं आत येऊन आधी दादाच्या शर्टाची बटणं पाहिली. हात पुढं केला, आणि मागं घेतला.

काकूनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं नाकारलं नाही.

“फोटो काढला की फोन आपोआप मोहरे मांडतो,” तो म्हणाला. “मला कुठं मांडता येतंय एवढं! पडद्याचा फोटो काढला, मांडणी झाल्यावर पुसला, खाली जाऊन पाण्याची बाटली ठेवताना फोन गादीखाली सारला. तुमच्या त्या ओरडण्याबिरडण्याचं मला आत्ता कळतंय.”

“का?” मास्तरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. एखादी न समजलेली चाल विचारावी तसा होता.

“तू आज म्हणालास, अजून दोन वर्षं.”

“मग मला सांगायचंस.”

“सांगितलं होतं, दादा. मागच्या वर्षी सांगितलं, त्याच्या आधी सांगितलं. तू ‘हं’ म्हणालास. तू पटाकडे बघत होतास.”

मास्तरांनी टेबलावरचा पट बाजूला सरकवला.

“मला वाटलं, हा एक डाव काढून घेतील,” धाकटा म्हणाला. “अपमान होईल, तू चिडशील, म्हणशील गेला खड्ड्यात हा खेळ, आणि घरी जाऊ. एवढंच. तुझे जुने डाव उकरतील, किताब जाईल, हे मला देवाशपथ माहीत नव्हतं. इतकी वर्षं बरोबर आहे, पण यातलं मला काय कळतं? मला गाड्यांच्या वेळा कळतात.”

“घरी जाऊन काय करणार होतास?”

“ते ठरवायलाच वेळ हवा होता.”

“तीस वर्षं, धाकट्या,” मास्तर म्हणाले. “माझी तीस वर्षं तू एका गादीखाली ठेवलीस.”

“दादा,” धाकटा म्हणाला, “तीस वर्षं तुझ्या एकट्याची होती का?”

मुख्य पंचांनी खाकरून घेतलं. अहवाल लिहावा लागेल, ते म्हणाले. मास्तर निर्दोष, उद्या खेळू शकतात. पण ज्यानं फोन ठेवला त्याला इथून पुढं कुठल्याही स्पर्धेच्या दारातून आत येता येणार नाही. कायमचं.

मास्तर काकूकडे वळले. “नाव लिहायलाच हवं? घरातलंच भांडण आहे हे.”

“नाव नसेल तर लोक तुमचंच घालतील,” ती म्हणाली. “दोघांतलं एकच वाचेल.”

“मग माझं—”

“गप रे,” धाकटा म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं बहुधा पहिल्यांदाच वापरला असावा, कारण मास्तर खरंच गप्प झाले. तो काकूला म्हणाला, “लिहा माझं नाव. नीट, पूर्ण लिहा. निदान एका डावावर तरी येईल.”

८

दुसऱ्या दिवशी मास्तर उशिरा आले. आधी चुकून शेजारच्या इमारतीत शिरले होते, आणि तिथं विम्याच्या कचेरीत एका कारकुनानं त्यांना ओळखून, हाताला धरून इथवर आणून सोडलं. घड्याळ चालू झालेलं होतं. कोट उलटा, पण घातलेला. ते बसले, समोरच्याशी हात मिळवला, आणि पटात बुडून गेले.

काकूनं दारातून थोडा वेळ पाहिलं. मास्तरांचं बोट हत्तीवर टेकलं की तारवाला आता स्वतः येऊन मागं उभा राहत होता.

डाव दुपारी संपला. बरोबरी. तेवढा अर्धा गुण राष्ट्रीय संघातली जागा मिळायला पुरला. वहिनी पडद्याकडे पाठ करूनच बसली होती. टाळ्यांच्या आवाजावरून तिला कळलं.

काकू बाहेर आली. रस्त्यापलीकडे बाकावर धाकटा बसला होता. त्याच्या खांद्यावर आज एकच पिशवी होती. दारातून आत यायची त्याला बंदी होती, बाकावर बसायची नव्हती.

ती रस्ता ओलांडून गेली. निकाल तिच्या ओठांवर होता. त्यानं ते ओळखलं आणि हात वर केला.

“सांगू नका.”

“चांगला आहे.”

“असू दे. सतराव्या वर्षापासून दादाचा प्रत्येक निकाल मला आधी कळायचा. लोकांना मी सांगायचो. आज पहिल्यांदाच माहीत नाही.” तो क्षणभर थांबला, जणू ही गोष्ट कुठं दुखते का ते चाचपून पाहत होता. “बरं वाटतंय.”

“आता कुठं जाणार?”

“गाडी संध्याकाळची आहे. दादाचं नि वहिनीचं तिकीट हॉटेलात ठेवलंय, डब्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून. माझं उद्याचं काढलं.” तो उठला. “काकू, या गावात मी सहाव्यांदा आलोय. इथं नदी आहे म्हणतात. कुठल्या बाजूला?”

काकूनं हात करून दाखवलं. तो त्या बाजूला चालू लागला. चौकात थांबला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि एका अनोळखी माणसाला त्यानं पुन्हा एकदा नदीची वाट विचारली.